‘ताई, हे खरं का?’ असं गाव विचारतं तेव्हा

पत्र : ‘मॅडम, अमळनेर तालुक्यातल्या एका मोठ्या गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पीक विमा, सातबारा, शिष्यवृत्ती, पॅन कार्ड, सगळं इथेच होतं. हल्ली लोक फॉर्म कमी आणि मोबाइल जास्त पुढे करतात आणि विचारतात, ‘ताई, हे खरं का?’ नोट बंद होणार, यूपीआयवर कर लागणार, अमुक अ‍ॅपवर पैसे दुप्पट होतात. दुकानात कॉम्प्युटर आहे म्हणजे मला सगळं माहीत, असं त्यांना वाटतं. मी रात्री पैशाचे आणि मोबाइलचे व्हिडिओ बघत बसते, पण जितकं बघते तितका गोंधळ वाढतो. इंग्रजी बेताचं आहे. घरात वेगळंच चाललंय. वडील ५८व्या वर्षी एसटीतून निवृत्त झाले, महिन्याभरापूर्वी १८ लाख खात्यात आले. धाकटा भाऊ टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमध्ये आहे. तो म्हणतो, त्यातले ५ लाख द्या, तीन महिन्यांत ८ करून दाखवतो. ओळखीचे एक जण ‘आमच्या पतसंस्थेत ठेवा, जास्त टक्का देऊ’ म्हणून सारखे घरी येतात. खात्रीचं कुठे वाचायचं? आणि लोकांना माहिती सांगायचे पैसे घेतले तर चालतं का?’

प्रिय ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, पण त्याचं उत्तर शेवटी देते. आधी वडिलांचे पैसे, कारण तिथे मुदत आहे आणि त्यातला एक महिना गेलाय.

पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतरच मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. पण ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्यालाही हे खातं उघडता येतं. अट अशी, की निवृत्तीची रक्कम हातात पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते उघडलं पाहिजे. पूर्वी ही सवड एकाच महिन्याची होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये ती तीन महिन्यांची झाली. म्हणजे तुमच्याकडे अजून साधारण दोन महिने आहेत. महामंडळाकडून निवृत्तीचा आणि मिळालेल्या रकमेचा दाखला घ्या, तो लागतो. जास्तीत जास्त ३० लाख ठेवता येतात, पण साठीच्या आतल्या माणसाला निवृत्तीच्या रकमेपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मुदत पाच वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात. एप्रिल २०२३ मध्ये दर ८.२ टक्के झाला आणि पुढे कित्येक तिमाह्या तो तिथेच राहिला. खातं उघडायच्या दिवशी टपाल खात्याच्या संकेतस्थळावर चालू दर बघा, कारण त्या दिवशीचा दर पाचही वर्षं कायम राहतो. ८.२ टक्क्यांनी १८ लाखांवर तिमाहीला ३६,९०० रुपये होतात. सगळेच पैसे तिथे अडकवा असं मी म्हणत नाही. मुदतीआधी खातं मोडलं तर कपात होते, म्हणून दवाखाना, लग्नकार्य, घराची डागडुजी यांसाठी लागेल तेवढी रक्कम बँकेत हाताशी ठेवा. पण दुसऱ्या कुठल्याही वाटेचा विचार करण्याआधी ही वाट वडिलांना दाखवा.

आता पतसंस्था. जळगाव जिल्ह्यात हा विषय नव्याने सांगायची गरज नाही. पतसंस्थेत अडकलेल्या ठेवीसाठी वर्षानुवर्षं पावत्या घेऊन फिरणारी माणसं प्रत्येक गावात आहेत, तुमच्या दुकानातही अर्ज टाइप करून घ्यायला येत असतील. बँकेत, अगदी सहकारी बँकेतसुद्धा, एका ठेवीदाराच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला, व्याज धरून, विमा असतो. तो देणारी संस्था डीआयसीजीसी. फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाख होती, तेव्हा ती वाढून ५ लाख झाली. पतसंस्थेला हा विमा लागू नाही. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेची देखरेखही नसते, ती सहकार खात्याच्या निबंधकाच्या अखत्यारीत येते, आणि बहुराज्यीय असेल तर दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाच्या. पाटीवर ‘बँकेसारखी सेवा’ लिहिलेलं असो की संचालक मंडळात गावातले मोठे लोक असोत, यात फरक पडत नाही. घरी येणाऱ्या त्या गृहस्थांशी भांडू नका, ओळख जपायची असते. एवढंच विचारा, ‘काका, या ठेवीला डीआयसीजीसीचा विमा आहे का? असेल तर यादीत नाव दाखवा.’ विमा असलेल्या बँकांची यादी डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर आहे, ती तुम्हीच दुकानात उघडून वडिलांना दाखवू शकता.

भावाबद्दल जास्त लिहायला हवं, कारण त्याच्या हातून पैसे गेले तर ते एका दिवसात जातील.

‘तीन महिन्यांत पाचाचे आठ’ म्हणणारे टेलिग्राम ग्रुप दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात बाजार खरा असतो, ब्रोकर खरा असतो, आणि ग्रुपवाला ऑप्शनचे कॉल, म्हणजे शेअरच्या भावावर थोड्या मुदतीत लावायच्या सौद्यांच्या सूचना, देतो. सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. माणशी सरासरी तोटा दोन लाखांच्या घरात, आणि सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. हे आकडे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेनेच काढलेले आहेत. भावाला ते छापून द्या, आणि नंतर त्याला तासभर एकट्याला सोडा.

दुसरा प्रकार जास्त वाईट. त्यात बाजारच खोटा असतो. ग्रुपमध्ये शंभर-दोनशे माणसं रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकतात, त्यातली बहुतेक ग्रुपवाल्याचीच. मग एका लिंकवरून अ‍ॅप टाकायला सांगतात. अ‍ॅप दिसायला झकास असतं. तुम्ही १० हजार भरले की दोन दिवसांत पडद्यावर १३ दिसतात. एखाद्या वेळी दोन-तीन हजार परतही देतात, विश्वास बसावा म्हणून. मोठी रक्कम भरली आणि काढायला गेलं की सांगतात, ‘आधी २० टक्के टॅक्स भरा, मग पैसे सुटतील.’ खऱ्या ब्रोकरकडे असं कधीच होत नाही. शेअरच्या नफ्यावरचा आयकर आपण सरकारला भरतो, स्वतःचेच पैसे काढण्याआधी ब्रोकरच्या खात्यात नाही.

भावाचा ग्रुप कुठल्या प्रकारचा आहे ते ओळखायला तीन गोष्टी त्याच्यासमोर बसून तपासा. पैसे कोणाच्या नावाने जातात ते बघा. सेबीने ऑक्टोबर २०२५ पासून ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांना पैसे घेण्यासाठी वेगळी यूपीआय ओळख दिली आहे. तिच्यात अ‍ॅटच्या चिन्हानंतर ‘व्हॅलिड’ असा शब्द आणि त्यापुढे बँकेचं नाव येतं, आणि पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याचं चिन्ह दिसतं. कुठल्या तरी ट्रेडर्स नाहीतर एंटरप्रायझेसच्या चालू खात्यात पैसे मागत असतील तर तिथेच उठा. दुसरं, ग्रुपवाल्याचा नोंदणी क्रमांक मागा. सल्ला देणाऱ्याचा क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने. क्रमांक दिला तरी तिथे थांबू नका, कारण दुसऱ्याचा क्रमांक चोरून वापरणारे पुष्कळ आहेत. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत मध्यस्थांच्या यादीत तो शोधा, तिथे दिलेला फोन नंबर आणि ईमेल ग्रुपवाल्याशी जुळतो का ते बघा. तिसरं, शेअर खरंच घेतले असतील तर ते सीडीएसएल किंवा एनएसडीएल या शेअरच्या नोंदी ठेवणाऱ्या डिपॉझिटरीत भावाच्या नावावर दिसलेच पाहिजेत, आणि तिथून त्याला निवेदन आलं पाहिजे. अ‍ॅपमध्ये शेअर दिसतात पण डिपॉझिटरीत नाहीत, तर ते शेअर कधी अस्तित्वातच नव्हते.

हे सगळं वडिलांसमोर करू नका. लहान भावाला घरच्यांपुढे उघडं पाडलं की तो हट्टाला पेटतो, आणि नंतर लपून पैसे भरतो. दोघंच बसा.

आता तुमचा मूळ प्रश्न. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया कुठलीही नवी गोष्ट कानावर आली की पहिल्यांदा विचारतात, ‘हाई तुले कोनी सांगं?’ मला वाटतं, पैशाच्या आणि मोबाइलच्या बातम्यांसाठी याहून चांगला प्रश्न नाही. तुम्ही रात्री बघता त्या व्हिडिओंमध्ये सांगणारा कुणी तरी असतो, पण त्याला कोणी सांगितलं ते तो सांगत नाही. गोंधळ तिथेच होतो. बातमी जिथून निघते तिथे जाऊन बघायची सवय लावली तर दहा व्हिडिओंचं काम दोन पानांत होतं.

एक उदाहरण नीट देते, कारण असे मेसेज तुमच्याकडेही आले असतील. ‘एटीएममधून ५०० च्या नोटा बंद होणार’ हा मेसेज २०२५ मध्ये गावोगाव फिरला. तारीखसुद्धा होती त्यात, म्हणून लोक घाबरले. तो निघाला कुठून? २८ एप्रिल २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढलं. लोकांना १०० आणि २०० च्या नोटा सहज मिळाव्यात म्हणून बँकांना सांगितलं, की ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत ७५ टक्के एटीएममध्ये आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममध्ये निदान एका कप्प्यात १०० किंवा २०० च्या नोटा असल्या पाहिजेत. बस, एवढंच. ५०० बद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. कोणी तरी त्यातली तारीख उचलली, टक्के उचलले, आणि ‘५०० बंद’ हे आपल्या पदरचं जोडलं. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने ही बातमी खोटी असल्याचं जाहीर केलं. मूळ परिपत्रक जेमतेम पानभराचं होतं. मेसेजमध्ये खरी तारीख आणि खरा आकडा असला तरी मेसेज खोटा असू शकतो, हे गावाला दाखवायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. दुकानात लावा हवं तर.

यूपीआयवरच्या कराचंही तसंच. २००० रुपयांच्या वरच्या व्यवहारावर जीएसटी लागणार, ही बातमी एप्रिल २०२५ मध्ये इतकी फिरली, की १८ एप्रिलला अर्थ मंत्रालयाला ती निराधार असल्याचं सांगावं लागलं.

म्हणून तुमच्या कॉम्प्युटरवर तीन पानं कायमची जतन करून ठेवा. नोटा, बँका, कर्ज, ठेवी यांसाठी रिझर्व्ह बँक. शेअर, म्युच्युअल फंड, सल्लागार यांसाठी सेबी. आणि सरकारी योजना नि अफवा यांसाठी पीआयबी, म्हणजे पत्र सूचना कार्यालय. पीआयबीची निवेदनं मराठीतही येतात, त्यामुळे तुमची सुरुवात तिथून होऊ दे. सेबीचं गुंतवणूकदारांसाठीचं वेगळं पान आहे आणि ‘सारथी’ नावाचं मोफत अ‍ॅपही आहे. रिझर्व्ह बँकेची निवेदनं इंग्रजी आणि हिंदीत असतात. हिंदी तुम्हाला जमेलच, पण सरकारी हिंदी कधी कधी इंग्रजीपेक्षा जड जाते. अशा वेळी ब्राउझरमधलं भाषांतर वापरा, किंवा एआयच्या चॅटला ‘हे परिपत्रक सोप्या मराठीत समजावून सांग’ म्हणा. मी स्वतः हे करते आणि समजायला खूप मदत होते. फक्त दोन गोष्टी नेहमी मूळ कागदावर ताडून घ्यायच्या : आकडे आणि नकार. भाषांतरात ‘नाही’ गळून पडला तर अर्थच उलटा होतो. आणि हेल्पलाइनचा नंबर चॅटला किंवा गूगलला कधीच विचारायचा नाही. बँकेच्या नावाने खोटे ग्राहक सेवा नंबर टाकून ठेवणं हा ठगांचा जुना धंदा आहे. नंबर घ्यायचा तो पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून.

बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ताही आता ओळखायला सोपा झालाय. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. पत्त्याच्या शेवटी तो नसेल तर तिथे पासवर्ड टाकायचा नाही, असं गिऱ्हाइकांना सांगत चला.

नेमाने वाचायचं म्हणाल, तर मराठीत लोकसत्ताचं सोमवारचं अर्थवृत्तान्त आणि शेतीच्या बाजारासाठी अ‍ॅग्रोवन. शेअर बाजार मुळापासून शिकायचा असेल तर झेरोधा या ब्रोकरची ‘व्हर्सिटी’ इंग्रजीबरोबर हिंदीतही आहे, फुकट आहे आणि मांडणी चांगली आहे. ते ब्रोकर आहेत, आपण व्यवहार केला की त्यांना पैसे मिळतात, हे मनात ठेवून वाचा. प्रत्येक ठिकाणी हा हिशेब मांडायचा : आपण याचं ऐकलं तर याला काय मिळतं? व्हिडिओखाली खातं उघडायची लिंक असेल तर त्याला आपल्या खात्याचं कमिशन मिळतं. वाईट नाही त्यात काही, पण आपल्याला ठाऊक हवं. रोज रात्री बघत बसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तास-दीड तास वाचा. पैशाच्या बाबतीत रोजच्या रोज कळलंच पाहिजे असं फार थोडं असतं. केळीचा आणि कापसाचा भाव तेवढा रोजचा. त्यासाठी राज्य कृषी पणन मंडळाचं संकेतस्थळ आहे. आणि कापूस हमीभावाने विकायचा असेल तर भारतीय कापूस महामंडळाने (सीसीआय) २०२५च्या हंगामापासून ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी ठेवली आहे, ती तुम्ही करून देतच असाल.

मोबाइलच्या तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर मी फार वेळ घालवणार नाही. नवा फोन घेताना दोन मॉडेल ताडून बघायला जीएसएमअरीना पुरेसं आहे, शब्द इंग्रजी असले तरी आकडे सगळ्यांना कळतात. गावाला नव्या फोनच्या बातमीपेक्षा हातातल्या फोनची राखण जास्त गरजेची आहे, आणि ते तुमच्या दुकानात होऊ शकतं.

सगळ्यात मोठा धोका आहे व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एपीके फाइलचा, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणाऱ्या फाइलचा. कधी ती पीएम किसानच्या नावाने येते, कधी आरटीओच्या चलानच्या, आणि लग्नसराईत चक्क लग्नपत्रिका म्हणून येते. पाठवणारा ओळखीचा असतो, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. फाइल उघडली, ‘अनोळखी ठिकाणाहून अ‍ॅप टाकू द्यायचं का’ याला हो म्हटलं, मेसेज वाचायची परवानगी दिली, की ओटीपी थेट ठगाला दिसतात. लग्नपत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते, एपीके कधीच नसते. हे वाक्य लग्नसराईआधी गावातल्या प्रत्येक ग्रुपवर तुमच्या नावाने टाका. तुमच्या नावाने टाकलं तर लोक वाचतील.

दूरसंचार विभागाचं ‘संचार साथी’ हे संकेतस्थळ मला फार उपयोगाचं वाटतं. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते तिथे कळतं, आणि आपलं नसलेलं सिम बंद करायला सांगता येतं. चोरीला गेलेला फोन तिथूनच देशभर बंद करता येतो. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, लागतो, आणि फोन गेल्यावर तो कोणालाच आठवत नाही. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो पडद्यावर येतो. येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो आधार कार्डाच्या झेरॉक्सच्या मागे लिहून द्या. मिनिटाचं काम आहे.

आणि पैसे गेलेच, तर १९३०. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात काही मिनिटांत फिरवतात, म्हणून पहिल्या तासाला फार किंमत आहे. लोक लाजेने रात्र काढतात आणि सकाळी बँकेत जातात, तोवर रक्कम कुठल्या कुठे गेलेली असते. आधी १९३०, लगोलग बँक, मग सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर लेखी तक्रार. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या नियमानुसार, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणी पैसे काढले, आणि ग्राहकाने बँकेला तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भुर्दंड पडत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं धरतात, म्हणून तिथे तर आणखी घाई करायची. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला पैसे पडत नाहीत.

तुमचा तालुका अमळनेर, म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहिते. विप्रो कंपनी १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झाली आणि गावातल्या कित्येक घरांत तिचे जुने शेअर आहेत, हे सगळ्या देशाला माहीत आहे. पण कुठल्याही कंपनीचे जुने कागदी शेअर पेटीत पडून असलेली घरंही असतात, आजोबा गेले आणि कोणाला पत्ता नाही अशी. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर डीमॅट, म्हणजे संगणकीय नोंदीत, केल्याशिवाय विकता येत नाहीत. आणि सलग सात वर्षं लाभांश कोणी घेतला नाही तर शेअर सरकारच्या आयईपीएफ या निधीत जमा होतात. जातात, बुडत नाहीत. वारसांना ते परत मागता येतात, त्या अर्जाला सरकार फी घेत नाही. ‘सोडवून देतो, २० टक्के द्या’ म्हणणारे दलाल यावर जगतात. कंपनीचं नाव, आजोबांचं नाव टाकून आयईपीएफच्या संकेतस्थळावर शोधायला तुम्ही मदत केलीत तर एखाद्या घराचं भलं होईल. बँकेतल्या दहा वर्षं पडून राहिलेल्या ठेवींसाठी असाच शोध रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर घेता येतो, ते ऑगस्ट २०२३ पासून सुरू आहे.

सोन्याचंही सांगून टाकते, जळगावच्या सराफ बाजारात अख्खा खान्देश जातो. दागिन्यावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह, ‘२२ के ९१६’ अशी शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक कोरलेला असतो. १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. सराफाकडून भिंग मागून घ्या, ते देतात. क्रमांक वाचा आणि दुकानात उभ्या उभ्याच ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाका. दागिन्याचा प्रकार, शुद्धता, तपासणारं केंद्र आणि सराफाची नोंदणी समोर येते. हातात बांगडी आणि अ‍ॅपमध्ये अंगठी दिसली तर विचारायला लाजू नका. आणि कोणी अ‍ॅपवरच्या ‘डिजिटल गोल्ड’बद्दल विचारलं, तर सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलंय की ते त्यांच्या नियमनाखाली येत नाही. शेअर बाजारात मिळणारे सोन्याचे फंड, म्हणजे गोल्ड ईटीएफ, येतात.

आता फीचा प्रश्न. फॉर्म भरणं, प्रिंट, स्कॅन, तक्रार टाइप करणं याचे पैसे जरूर घ्या, तुमच्या कष्टाचे आणि वेळेचे आहेत ते. अफवा खरी की खोटी बघून देणं, १९३० लावून देणं याचे घेऊ नका असं मला वाटतं, पण तो तुमचा निर्णय. एक रेघ मात्र कायद्याने आखलेली आहे : ‘या शेअरमध्ये टाका, त्या फंडातून काढा’ असा सल्ला पैसे घेऊन द्यायचा असेल तर सेबीची नोंदणी लागते. म्युच्युअल फंड विकून कमिशन घ्यायचं असेल तर परीक्षा देऊन म्युच्युअल फंडांची संघटना असलेल्या अ‍ॅम्फीचा एआरएन क्रमांक घ्यावा लागतो. मनापासून आवड असेल तर ती परीक्षा द्या, तालुक्याला अशा माणसाची गरज आहे. तोवर पैसे कुठे टाकायचे हे सांगू नका, खरं-खोटं कुठे बघायचं ते दाखवा. आणि कोणी फुकटातच विचारलं, ‘ताई, तू तुझे कुठे टाकले?’ तरी सांगू नका, कारण गाव तुमचं बघून तेच करेल आणि प्रत्येकाची गरज वेगळी असते.

या आठवड्यात महामंडळाच्या कार्यालयातून वडिलांचा दाखला घ्या. भावाशी बोलणं झालं की मला कळवा. त्याने आधीच काही भरलं असेल, तर पत्राची वाट बघू नका, त्याच दिवशी १९३० लावा आणि ग्रुपचे, अ‍ॅपचे, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी काढून ठेवा. बाहेर पडल्यावर त्यातलं काहीच दिसत नाही.

तुमची,
ताई